मेलेल्यांचे पुनरुत्थान : श्रद्धा आणि शास्त्राधार

१. प्रश्न नेमका कोणता?

ख्रिस्ती धर्माशी तोंडओळख आहे, परंतु त्याचे ग्रंथ स्वतः वाचलेले नाहीत, असा सुशिक्षित मराठी गृहस्थ पुनरुत्थानाचा विषय निघाला की बहुधा एकच शंका पुढे करतो. आत्मा अमर आहे हे जर ख्रिस्ती लोकांनाही मान्य आहे, तर कबरीत ठेवलेला देह अखेरच्या दिवशी उठेल असे मानण्याचे त्यांना प्रयोजन काय? नाशवंताचा नाश झाला, अविनाशी ते मोकळे झाले, एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत कोणती? शंका रास्त आहे, आणि ती प्रथम आपल्याकडेच निघाली असेही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अथेन्सच्या ग्रीक पंडितांची ख्रिस्ती प्रेषित पौल याचे भाषण ऐकताना हीच अडचण झाली होती.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर असे देता येईल, की पवित्र शास्त्राची भिस्त आत्म्याच्या अविनाशी स्वभावापेक्षा ईश्वराच्या सामर्थ्यावर आणि त्याच्या न्यायीपणावर आहे. उत्पत्तीच्या ग्रंथात मनुष्याची घडण सांगितली आहे ती अशी, की ईश्वराने भूमीतील माती घेऊन तिला आकार दिला, त्या आकाराच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला आणि तेव्हा कोठे मनुष्य जिवंत झाला. देह हा तुरुंग आणि आत्मा हा त्यातील बंदिवान अशी विभागणी येथे नाही. माती आणि श्वास मिळून जो होतो तोच मनुष्य, आणि ही सारी निर्मिती ईश्वराला चांगली वाटली असे तोच ग्रंथ सांगतो. उद्धार व्हावयाचा तर तो या सगळ्या मनुष्याचा व्हावा, त्याच्या एका अंशाचा होऊन भागणार नाही, ही भूमिका पुढील सर्व विचाराच्या मुळाशी आहे.

पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या पाहिजेत. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. पुनर्जन्माच्या कल्पनेत जीव एक देह टाकून दुसरा धारण करतो आणि ही परंपरा मोक्षापर्यंत चालू राहते. पुनरुत्थानाच्या कल्पनेत मनुष्याला जन्म एकच आणि मरणही एकच, तसे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितले आहे, आणि जो मेला तोच, त्याच नावाचा आणि त्याच जीवनकथेचा मनुष्य उठतो. दुसरे असे, की मेलेला माणूस काही काळाकरिता परत जिवंत होणे हेही पुनरुत्थान नव्हे. बेथानीच्या लाजराला कबरीत ठेवून चार दिवस लोटले होते, आता दुर्गंधी सुटली असेल असे त्याची बहीण मार्था येशूला बजावत होती, आणि तरी तो हाक ऐकून बाहेर आला. परंतु तो आला तेव्हा त्याचे हातपाय पट्ट्यांनी बांधलेले होते, तोंडाला रुमाल गुंडाळलेला होता, आणि ते सारे इतरांना सोडावे लागले. ज्या योहानाने हे लिहिले त्यानेच पुढे येशूच्या रिकाम्या कबरीचे वर्णन करताना तागाची वस्त्रे तेथेच पडलेली आणि डोक्याचा रुमाल निराळा गुंडाळून ठेवलेला दाखविला आहे. लाजर आपल्या पूर्वीच्याच आयुष्यात परतला होता. त्यालाही ठार मारावे असा मुख्य याजकांनी विचार केला असे योहान सांगतो, म्हणजे मरण त्याच्यापुढे पुन्हा उभेच होते. येशूच्या उठण्यासंबंधी ख्रिस्ती श्रद्धा जे म्हणते ते याहून सर्वस्वी वेगळे आहे : तो मरणाच्या पलीकडे गेला आणि मरणाची त्याच्यावर पुन्हा सत्ता उरली नाही.

२. जुन्या करारातील दीर्घ मौन

ज्या धर्मात पुनरुत्थान हा श्रद्धेचा कणा आहे, त्याच्याच शास्त्राचा मोठा भाग या विषयावर गप्प आहे हे प्रथम वाचणाराला आश्चर्यकारक वाटते. जुन्या करारातील बहुतेक ग्रंथांत मेलेला मनुष्य अधोलोकात जातो. तेथे राजा आणि गुलाम, नीतिमान आणि दुष्ट सारखेच, आणि तेथे ईश्वराची स्तुती कोणी करीत नाही. स्तोत्रकर्ता तर ईश्वरालाच विचारतो, की मेलेले उठून तुझे गुणगान करणार आहेत काय, आणि त्याला होकाराची अपेक्षा नसते. ईयोबाचे शब्द त्याहून करुण आहेत. तोडलेल्या झाडाला पाण्याचा नुसता वास लागला तरी ते पुन्हा फुटते, मनुष्य मात्र निजला की उठत नाही, असे तो म्हणतो. पुढे त्याच ग्रंथात आपला कैवारी जिवंत असल्याची त्याची प्रसिद्ध ग्वाही येते, परंतु तेथील मूळ हिब्रू पाठ इतका क्लिष्ट आहे की केवळ त्यावर सिद्धांत उभारणे धोक्याचे होईल.

हे मौन अकारण नसावे. इस्राएलाच्या शेजारी मिसर देश होता, जेथे मृतांची सरबराई हाच धर्माचा एक अवाढव्य कारभार होऊन बसला होता. उलट मोशेच्या नियमशास्त्राने मृतांना प्रश्न विचारण्याची सक्त मनाई केली होती. जिवंत ईश्वराशी जिवंतपणी इमान राखावे, त्याचे फळ आयुष्य, संतती आणि भूमी या रूपाने मिळते, एवढ्या हिशेबावर ती पिढ्यान्पिढ्यांची श्रद्धा उभी होती.

या मौनात पहिली फट पडली ती राष्ट्राच्या मरणाने. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमातील जे लोक पाडाव करून नेले त्यांत यहेज्केल नावाचा याजक होता. दहा-अकरा वर्षांनी ते नगर आणि त्यातील मंदिर दोन्ही उद्ध्वस्त झाली. या संदेष्ट्याने पाहिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे : एक खोरे, त्यात पसरलेली हाडे, तीही अगदी शुष्क, मग खडखडाट होऊन हाडाला हाड जुळते, स्नायू चढतात, मांस भरते, कातडी येते, आणि तरीही त्यांत श्वास नसतो, शेवटी चारी दिशांच्या वाऱ्यांना हाक दिल्यावर ते सैन्य पायांवर उभे राहते. हा दृष्टान्त राष्ट्राविषयी आहे, मृत व्यक्तींविषयी नव्हे, हे त्याच अध्यायात सांगितले आहे. हाडे म्हणजे आशा गमावलेले इस्राएलाचे घराणे. परंतु ईश्वराचे सामर्थ्य किती दूरवर पोहोचते हे दाखविण्यासाठी एकदा हे चित्र रंगवले गेल्यावर ते त्या मर्यादेत राहणे शक्य नव्हते. सीरियातील द्युरा-युरोपोस येथे १९३२ साली उत्खननात सापडलेल्या, तिसऱ्या शतकातील यहुदी सभास्थानाच्या भिंतीवर हाच देखावा रंगवलेला आहे.

३. हुतात्म्यांची फिर्याद

दुसरी आणि निर्णायक फट इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास पडली, आणि माझ्या मते हा सारा विषय समजण्याची किल्ली येथेच आहे. त्या काळी यहुदी मुलखावर सीरियाच्या ग्रीक राजघराण्याचा अंमल होता. त्या गादीवरील चौथा अंतियोख याने यहुदी धर्मच मोडून काढण्याचे फर्मान काढले; सुंता बंद, शब्बाथ बंद, नियमशास्त्राच्या प्रती जाळाव्यात, आणि यरुशलेमच्या मंदिरात झ्यूसची पूजा व्हावी. ज्या मातांनी आपल्या मुलांची सुंता करविली त्यांना ती अर्भके छातीशी लटकावून नगरातून फिरविण्यात आले आणि तटावरून खाली लोटण्यात आले, असे मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात नमूद आहे.

आता पूर्वीचा हिशेब आठवावा. नियमशास्त्र पाळणाराला दीर्घायुष्य मिळते, मोडणाराचा नाश होतो, असे अनुवादाच्या ग्रंथाने शिकविले होते. आणि येथे तर जो पाळी तोच मारला जाई आणि जो मोडी तो राजाचा मानकरी होई. ईश्वर न्यायी आहे हे खरे असेल, आणि त्याच्याकरिता ज्यांनी प्राण दिले त्यांच्यापर्यंत तो न्याय पोहोचायचा असेल, तर मरण ही त्या न्यायाची शेवटची हद्द असू शकत नाही. दानीएलाच्या ग्रंथाचा बारावा अध्याय, जो पुष्कळ अभ्यासकांच्या मते याच छळाच्या काळात लिहिला गेला, तेथे हे प्रथमच निःसंदिग्धपणे येते : मातीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील, कोणी सर्वकाळच्या जीवनात जाईल आणि कोणाच्या वाट्याला सर्वकाळची अप्रतिष्ठा येईल. यशयाच्या ग्रंथात, सव्विसाव्या अध्यायात, याचा पूर्वस्वर ऐकू येतो. परंतु दोन्ही पक्षांचा निवाडा होईल ही गोष्ट दानीएलाने उघड सांगितली.

मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सात भाऊ आणि त्यांची आई यांची हकिकत आहे. डुकराचे मांस खावे म्हणून राजासमोर एकेकाचे हाल करण्यात येत होते. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा त्याने आपण होऊन जीभ बाहेर काढली, दोन्ही हात निर्भयपणे पुढे पसरले, आणि हे अवयव मला स्वर्गातून मिळाले होते, ते मी ईश्वराकडूनच परत घेईन, अशा आशयाचे शब्द उच्चारले. सर्वांत धाकट्याला राजाने लालूच दाखविली. तेव्हा आईने त्याच्या कानाशी वाकून सांगितले, की ज्याने शून्यातून हे जग निर्माण केले तो तुला तुझ्या भावांसह मला परत देईल. देहाच्या उठण्याचा आग्रह कशासाठी, या आरंभीच्या शंकेला मला तरी या पसरलेल्या हातांइतके समर्पक उत्तर दुसरे सापडलेले नाही. ज्या हातांवर अन्याय झाला त्याच हातांना न्याय मिळाला पाहिजे. आत्मा सुखरूप आहे असे सांगून त्या हातांची फिर्याद निकालात निघत नाही. (हा ग्रंथ कॅथॉलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या पवित्र शास्त्राचा भाग मानतात, प्रॉटेस्टंट मंडळ्या त्याला त्या मालिकेबाहेर ठेवतात.)

४. सदूकींचे कोडे

येशूच्या काळापर्यंत या प्रश्नावर यहुदी समाजात दोन तट पडले होते. परूशी पुनरुत्थान मानीत. मंदिराचा कारभार ज्यांच्या हाती होता ते सदूकी ते नाकारीत, कारण मोशेच्या पाच ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही असे त्यांचे म्हणणे होते. पौलाला यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभे केले तेव्हा पुनरुत्थानाच्या आशेबद्दल माझा न्याय होत आहे, एवढे म्हणताच सभेत दुफळी माजल्याची हकिकत प्रेषितांच्या कृत्यांत आहे.

सदूकींनी येशूला घातलेले कोडे मार्काच्या बाराव्या अध्यायात आहे. निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दुसऱ्या भावाने लग्न करून त्याचा वंश चालवावा असा मोशेचा नियम. समजा सात भाऊ होते, एकामागून एक सातांनी तिच्याशी लग्न केले, सातही निपुत्रिक मेले, शेवटी ती बाई मेली. तर पुनरुत्थानानंतर ती कोणाची बायको? पुनरुत्थान म्हणजे आजचेच जीवन पुढे चालू, असे गृहीत धरले तरच हे कोडे बिनतोड ठरते. येशूने ते गृहीतच काढून घेतले : जेथे मरण नाही तेथे वंश चालविण्यासाठी लग्नही नाही. मग त्याने सदूकींना मान्य असलेल्या निर्गमाच्या ग्रंथातूनच आधार दिला. जळत्या झुडपातून ईश्वर मोशेशी बोलला तेव्हा त्याने आपली ओळख अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा ईश्वर म्हणून करून दिली. ते तिघेही तर शेकडो वर्षांपूर्वी मेले होते. ज्यांच्याशी ईश्वराने करार केला त्यांना तो मरणाच्या हवाली करून विसरला, असे झाले तर तो मेलेल्यांचा ईश्वर ठरेल. युक्तिवादाचा सारा भार येथेही ईश्वराच्या इमानावर आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

५. सर्वांत जुनी साक्ष

येथवरचा विचार यहुदी आणि ख्रिस्ती दोघांना समान आहे. ख्रिस्ती श्रद्धा येथून जे पाऊल पुढे टाकते ते हे, की युगाच्या अंती सर्वांचे व्हावयाचे ते पुनरुत्थान एका मनुष्याच्या बाबतीत इतिहासाच्या मध्येच घडून गेले. अशी अपेक्षा त्या काळी कोणाचीही नव्हती. मशीहा म्हणून पुढे आलेला पुढारी मारला गेला की त्याचे अनुयायी पांगत. थुदास आणि गालीलकर यहूदा यांच्या चळवळी अशाच विराल्या, याची आठवण गमलियेल नावाच्या परूशी गुरूने न्यायसभेला करून दिली होती. त्यातही येशूचा मृत्यू वधस्तंभावरचा, आणि झाडाला टांगलेला मनुष्य शापित असे नियमशास्त्राचे वचन. अशा मनुष्याला उठविले गेले असे जे म्हणू लागले, ते कशाच्या आधारावर?

याविषयीचा सर्वांत जुना लेख शुभवर्तमानांत नाही, पौलाने करिंथ नगरातील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे, आणि त्याचा काळ कसा ठरतो ते पाहण्यासारखे आहे. ग्रीस देशातील डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखात रोमन बादशहा क्लौदिय याने गल्लियो या प्रांताधिकाऱ्याचा उल्लेख केला आहे, आणि त्यावरून गल्लियोची कारकीर्द इ. स. ५१-५२ च्या सुमाराची ठरते. पौलाला करिंथ येथे याच गल्लियोपुढे उभे केले होते, म्हणजे त्या वेळी तो तेथे होता. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, इ. स. ५४ च्या आसपास, त्याने इफिसहून हे पत्र पाठविले. येशूला वधाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात याची सुभेदारी इ. स. २६ ते ३६; येशूचा वध बहुधा ३० साली, किंवा ३३ साली. म्हणजे पत्र आणि घटना यांत फार तर चोवीस-पंचवीस वर्षांचे अंतर. परंतु पौल त्या पत्रात नवे काही सांगत नाही. आपल्याला जे मिळाले तेच आपण पूर्वी तुमच्या स्वाधीन केले होते असे म्हणून तो एक ठरीव मजकूर देतो : ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला, आणि केफाला, म्हणजे पेत्राला, मग बारा जणांना दिसला. पुढे तो पाचशेंहून अधिक बंधूंचा हवाला देतो आणि त्यांतील बहुतेक अद्याप हयात आहेत असे मुद्दाम नमूद करतो. मग याकोब, सर्व प्रेषित, आणि शेवटी तो स्वतः. आपल्या परिवर्तनानंतर तीन वर्षांनी आपण यरुशलेमेस जाऊन पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो, असे त्याने गलतीकरांस लिहिले आहे. जबानी देणाऱ्यांशी त्याची समोरासमोर गाठ पडली होती असा याचा अर्थ.

तिसऱ्या दिवसाच्या हिशेबाविषयी वाचक नेहमी घोटाळ्यात पडतात, कारण शुक्रवारी सायंकाळ ते रविवारी पहाट हे अंतर छत्तीस-एक तासांचेच भरते. यहुदी दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत मोजला जाई आणि दिवसाचा अंश हा पूर्ण दिवस धरला जाई. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दफन झाले तो पहिला दिवस. त्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, तो दुसरा. त्यानंतर सुरू झालेला तिसरा, आणि त्याच्या पहाटेस स्त्रिया कबरीकडे निघाल्या.

६. रिकामी कबर आणि चार निवेदने

चारी शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली तर तपशिलात तफावत आढळते, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. मार्काच्या निवेदनात कबरीकडे तीन स्त्रिया जातात, मत्तयात दोन, योहानात एकट्या मग्दालीया मरीयेचे नाव येते. कोठे एक तरुण दिसतो, कोठे दोन पुरुष. मत्तयातील मुख्य भेट गालीलातील डोंगरावर होते, लूक सर्व भेटी यरुशलेमेत आणि आसपास ठेवतो. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर स्त्रिया भयाने पळून गेल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, एवढ्यावरच ग्रंथ संपतो. एकाने रचून इतरांना पढविलेली कैफियत अशी नसते, असे मला वाटते; आणि जेथे चौघांचे एकमत आहे तो मुद्दाही रचणाराच्या सोयीचा नाही. पहिल्या साक्षीदार स्त्रिया होत्या. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये असा दंडक त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस याने नोंदविला आहे, आणि खुद्द प्रेषितांनाही ती बातमी वायफळ बडबड वाटली असे लूक प्रांजळपणे लिहितो.

आणखी एक संयम दिसतो. प्रत्यक्ष उठण्याचा क्षण चौघांपैकी एकानेही रंगविलेला नाही. तो मोह अनावर झाला म्हणजे काय होते हे पेत्राच्या नावावर खपविलेल्या, मंडळीने शास्त्रात न घेतलेल्या एका शुभवर्तमानावरून कळते. १८८६-८७ च्या हिवाळ्यात मिसरमधील अखमीम येथे त्याचा तुकडा सापडला. त्यात दोन पुरुष तिसऱ्याला आधार देत कबरीबाहेर आणतात, त्यांची डोकी आकाशापर्यंत पोहोचलेली असतात, मागून वधस्तंभ चालत येतो, आणि तो बोलतो. याच्या शेजारी योहानाचे निवेदन ठेवावे : एक स्त्री रडत उभी आहे, समोर उभा असलेला मनुष्य तिला माळी वाटतो, आणि तो तिचे नाव घेऊन हाक मारतो तेव्हा ती त्याला ओळखते.

आक्षेप जुनेच आहेत. शिष्यांनी शव चोरले ही वदंता मत्तयानेच नोंदविली आहे. अठराव्या शतकात रायमारुस या जर्मन विद्वानाने तीच पुन्हा मांडली. शिष्यांना भास झाला, असे एकोणिसाव्या शतकात पुष्कळांनी प्रतिपादिले. वधस्तंभावर मारलेल्यांचे दफन होतच नसे, हाही एक आक्षेप. परंतु १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेस एका कौटुंबिक कबरीत यहोहानान नावाच्या मनुष्याची अस्थिपेटी मिळाली, आणि तिच्यातील टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता, तेव्हा असे दफन निदान काही वेळा होत असे हे सिद्ध झाले. विसाव्या शतकात रुडॉल्फ बुल्टमान यांनी पुनरुत्थानाचा अर्थ शिष्यांच्या घोषणेतच शोधला. उलट पिंखास लापिडे या सनातनी यहुदी अभ्यासकाने येशूला मशीहा न मानताही त्याचे उठणे ही घडलेली घटना मानली. इतिहासाच्या साधनांनी इतके निश्चित म्हणता येते, की पांगलेले भित्रे शिष्य, विश्वास न ठेवणारा भाऊ याकोब आणि आरंभी ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा पौल, हे तिघेही वेगवेगळ्या वाटांनी एकाच खात्रीला येऊन पोहोचले आणि त्या खात्रीपासून ढळले नाहीत. त्या खात्रीचे कारण काय, येथे इतिहास थांबतो आणि वाचकाला स्वतःचा निर्णय करावा लागतो.

७. कोणत्या प्रकारचे शरीर?

अथेन्समध्ये पौलाचे भाषण लोकांनी शांतपणे ऐकून घेतले, ते मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येईपर्यंत. तेथे काहींनी थट्टा केली आणि काहींनी पुन्हा कधी तरी ऐकू असे म्हणून काढता पाय घेतला. प्लेटोच्या संवादांत सॉक्रेटिस मरण जवळ आले असता देहापासून सुटकेची वाट शांतपणे पाहतो. त्या संस्कारात वाढलेल्यांना देह परत मिळणे ही शिक्षाच वाटली असेल. करिंथमध्येही काही जण हेच विचारू लागले, की मेलेले उठतात तरी कसे आणि कोणते शरीर घेऊन येतात?

पौलाने उत्तरादाखल शेतातला दाखला दिला, आणि तो आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावा लागणार नाही. जोंधळ्याचा दाणा पेरला की तो दाणा म्हणून राहत नाही. काही दिवसांनी ती जागा उकरली तर त्याचे फोलपट तेवढे सापडते. वर येते ते ताट, पुरुषभर उंच, पानांचे आणि कणसाचे; दाण्याशी त्याचे काडीचेही साम्य नाही, आणि तरी हे ताट त्या दाण्याचेच आहे, शेजारच्या तुरीच्या दाण्याचे नव्हे. सातत्य आणि पालट ही दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. म्हणून जे पेरले जाते ते नाशवंत, दुर्बळ. जे उठविले जाते ते अविनाशी, सामर्थ्ययुक्त, असे पौल म्हणतो. आज आहे तसेच रक्तमांस ईश्वराच्या राज्याचे वतनदार होऊ शकत नाही, हेही तो तेथेच बजावतो. शुभवर्तमानांतील उठलेला येशू असाच दुहेरी आहे : तो भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, थोमाला जखमांचे वण दाखवितो, आणि तरी दारे बंद असता आत येतो, अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांबरोबर कोसच्या कोस चालूनही ओळखू येत नाही. वण राहिले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नव्या देहात जुन्या आयुष्याचा इतिहास पुसला गेला नव्हता.

ख्रिस्ताला पौल प्रथमफळ म्हणतो. यहुदी विधीत कापणीची पहिली पेंढी मंदिरात अर्पण केली जाई, आणि ती उरलेल्या सर्व पिकाचा विसार मानली जाई. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, इतक्या थराला तो हे नेतो; स्वतःच्या धर्माची खोटी ठरण्याची अट इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा धर्मोपदेशक विरळाच. रविवारची उपासना, बाप्तिस्म्यात पाण्याखाली जाऊन वर येणे, वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी येणारा ईस्टरचा सण, हे सारे त्याच एका घटनेभोवती जुळले आहे.

८. दरम्यान, आणि दहनाविषयी

मरण आणि अंतिम दिवस यांच्या दरम्यान मृत कोठे असतात, याविषयी शास्त्र त्रोटक बोलते. आपल्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराला येशू आजच सुखलोकाचे आश्वासन देतो. पौल देह सोडून ख्रिस्ताजवळ असण्याची इच्छा व्यक्त करतो. कॅथॉलिक परंपरेने यावर शुद्धिस्थानाची शिकवण उभारली, प्रॉटेस्टंट सुधारकांनी ती अमान्य केली. परंतु मृत्यूनंतरची ही अवस्था मुक्कामाची नव्हे, मधल्या थांब्याची आहे, आणि अंतिम आशा पुनरुत्थानाचीच आहे, याविषयी दोन्ही पक्षांत वाद नाही. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात दोघेही देहाचे पुनरुत्थान असेच म्हणतात.

देह जाळला तर मग काय, हा प्रश्न आपल्याकडे स्वाभाविकच विचारला जातो, आणि तोही जुना आहे. इ. स. १७७ मध्ये गॉल देशातील लियाँ नगरात ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. अधिकाऱ्यांनी प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली, यासाठी की यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये. ही हकिकत त्या मंडळीच्या पत्रातून इतिहासकार युसीबियसने जपून ठेवली आहे. त्या मंडळीची आशा त्यामुळे ढळली नाही. दुष्काळात एका मनुष्याने दुसऱ्याचे मांस खाल्ले तर ते मांस कोणाच्या देहात उठेल, असल्या शंकेलाही ऑगस्टीनने आपल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडात गंभीरपणे उत्तर दिले आहे : ते मूळ धन्याला परत मिळेल. ज्याने शून्यातून निर्माण केले त्याला राखेतून निर्माण करणे अधिक अवघड नाही, हा त्यामागील विचार मक्काबींच्या त्या आईचाच आहे.

तरीही ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके दफनच पसंत केले, कारण येशूचे दफन झाले होते आणि बाप्तिस्मा घेतलेल्या देहाचा मान राखावा असे त्यांना वाटे. एकोणिसाव्या शतकात युरोपात काहींनी धर्मश्रद्धेचा निषेध म्हणून दहनाचा पुरस्कार केला, तेव्हा रोमने १८८६ मध्ये त्याला बंदी घातली. ती १९६३ मध्ये उठविण्यात आली. पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूने केलेले नसेल तर दहनास आता हरकत नाही. २०१६ मध्ये रोमहून आलेल्या सूचनेत मात्र अस्थी विखरून टाकू नयेत, घरात वाटून ठेवू नयेत, दफनभूमीसारख्या पवित्र जागीच त्या ठेवाव्यात असे ठरविण्यात आले. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळी दहन आजही मान्य करीत नाही, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी हा निर्णय कुटुंबाच्या इच्छेवर सोपविलेला असतो.